खड्ड्यातली हवा

१

गेणबा ढमाले यंत्रघराच्या दारात उताणा पडला होता. रफीक तांबोळी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून खोकत होता. त्याच्या तोंडाला ओला टॉवेल होता. दारातून येणारा वास इतका उग्र होता, की मांडव सोडून धावत आलेली माणसं चार हात अलीकडेच थबकली. डोळे चोळत एकमेकांना विचारू लागली, "गेला का?"

गेणबा गेला होता.

पौडच्या पुढे, टेकडीच्या अंगावर, विद्यापीठाचं भातबियाण्यांचं संशोधन केंद्र होतं. तिथली बियाण्यांची थंड खोली आणि प्रयोगशाळेची थंड हवा इंग्रजांच्या वेळच्या अमोनियाच्या यंत्रावर चालत आली होती. १९६३ च्या त्या हिवाळ्यात जुनं यंत्र बाद करून नव्या गॅसवर चालणारं यंत्र बसवलं होतं. रविवारी उद्घाटन होतं. गेणबा जुन्या यंत्राचा राखणदार, रफीक नवं यंत्र जोडणारा फिटर. गेणबा मेला तो शुक्रवार होता आणि दुपारच्या उन्हात मांडवाचे बांबू रोवणं चालू होतं.

फौजदार शितोळे सायकलवरून आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी आत डोकावलं. जुन्या अमोनियाच्या यंत्राच्या व्हॉल्व्हवर एक चौकोनी तोंडाचा पाना तसाच अडकलेला होता.

"पाना कुणाचा?"

"माझा हाय," रफीक म्हणाला.

"तू उघडलास?"

"न्हाई. मी वास आला म्हनून आत पळालो. गेणबाकाका खाली खड्ड्यात पडलेला. वडून काढला."

"मंगळवारी बाजारात तुझं अन् गेणबाचं भांडण झालं म्हणे. गेणबा ओरडला, 'समद्यांना सांगतो.' काय सांगणार होता?"

रफीकने मान खाली घातली.

शितोळ्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग हवालदाराला खूण केली. "अमोनिया सोडून माणूस मारला. उद्या संध्याकाळी पुण्याला घेऊन जाऊ. खुनाचा गुन्हा आहे, फासावर जाशील. तोवर आठवलं तर सांग."

गर्दीत मागे रफीकची बायको सुरैया उभी होती. तिने हाक मारली नाही. नवऱ्याने काय ते सांगून टाकावं, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडेही बघितलं नाही.

२

शनिवारी सकाळी विद्यापीठाच्या जीपमधून यमुना ओगले उतरल्या. विद्यापीठात त्या रसायनशास्त्र शिकवत. इमारतींतली यंत्रं बदलण्यासाठी जी समिती नेमली होती तिच्यावर त्या होत्या. बैठकीत त्या सहसा बोलत नसत आणि समितीत त्यांना घेण्याचं तेच कारण असावं.

केंद्राचे प्रमुख डॉ. खांबेटे मांडवातून सामोरे आले. कोटाला धूळ लागली होती ती झटकत म्हणाले, "दोन ओळींचा अहवाल द्यायचा आहे, ओगलेबाई. जुन्या यंत्रातून अमोनिया सुटला, माणूस दगावला, नव्या यंत्राशी संबंध नाही. सही करा, जेवून जा. उद्याचा कार्यक्रम थांबवता येणार नाही. कुलगुरू येताहेत."

"यंत्रघर बघते आधी."

"वास आहे अजून."

"वासाची सवय आहे मला."

यंत्रघर अर्धं जमिनीखाली होतं. आत गेलं की कठडा, कठड्याला लागून खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि खाली खड्ड्यात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी: जुनं काळं धूड आणि हिरव्या रंगाचं नवं. छतालगत पंख्याचं भोक होतं. पंखा बंद होता आणि त्याच्या पात्यांमागे चिमण्यांनी घरटं केलं होतं. आत पिलं चिवचिवत होती, चिमणी चोचीत काहीतरी घेऊन आली आणि गेली.

ओगलेबाई बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी शितोळ्यांना दार सताड उघडं ठेवायला सांगितलं, कंदील पेटवून दोरीने खाली सोडला, तो तेवत राहिला तेव्हा पायऱ्या उतरल्या.

खाली ओलसर कोपऱ्यात बेडूक मेले होते. एक उंदीरही. भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा दिसत होता. त्यांनी नख लावलं. गिलावा कोवळा होता.

"हे काय?"

"जुनी मोरी," कठड्यावरून खांबेटे म्हणाले. "बुजवली. तिच्यातून गारवा जायचा. आणि पाहुण्यांसमोर भिंतीला भोक कशाला?"

"कधी बुजवली?"

"रंगकाम चाललं होतं तेव्हा."

नव्या यंत्राच्या एका सांध्याखाली तेल ओघळून काळा डाग पडला होता. यंत्रातला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पार शून्यावर टेकला होता. ओगलेबाईंनी बोटाने तेल पुसलं, बोट हुंगलं, आणि रुमालाला पुसलं. मग त्या वाकल्या. खड्ड्याच्या फरशीवर एक पिवळट कांडी पडली होती, टोकाला जळालेली, जेमतेम सुरू होऊन विझलेली.

वर आल्यावर त्यांनी ती शितोळ्यांना दाखवली.

"उदबत्ती?" शितोळे म्हणाले.

"गंधक."

दारात जयसिंग ढमाले उभा होता. गेणबाचा चुलत पुतण्या आणि त्याच्या हाताखालचा गडी. त्याला विचारलं तर म्हणाला, "आमची कांडी हाय ती. आमोनी गळती का बघाया पेटवून फिरवायची. गळत आसंल तर कापसावानी पांढरा धूर निघतो, अंगावर पिठावानी बसतो. न्हाई निघाला तर बेधडक जायाचं. काका तर कांडीबिगर खाली पाय ठेवत नव्हता. आमच्यात त्याला देवाचा कौल म्हनायचे."

"गेणबाच्या अंगावर असं पीठ बसलं होतं?"

जयसिंगने आठवून बघितलं. "न्हाई. काल अंगरखा मीच उतरवला. काळाच व्हता."

"कांडी त्याच्या अंगाखाली होती?"

"हातात आसनार. रफीकनं उचलला तवा पडली आसंल."

"हात भाजला होता?"

"न्हाई की."

ओगलेबाईंनी कांडी कागदात गुंडाळली. "फौजदारसाहेब, गेणबा पडला तेव्हा ह्या खोलीत अमोनिया नव्हता."

शितोळे हसले. "बाई, काल अख्ख्या पौडाने हुंगलाय तो."

३

प्रेत सरकारी दवाखान्यात होतं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच पुण्याहून आलेले, आणि बाईमाणसाने प्रेत बघावं हे त्यांना पटत नव्हतं. तरी त्यांनी चादर तोंडावरून खाली केली.

"मारहाण नाही. गळा आवळलेला नाही. श्वास कोंडून मृत्यू. आणि हे बघा." त्यांनी पापणी वर केली. डोळा लालभडक होता. पापण्या सुजल्या होत्या, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून कानांपर्यंत, दोन्ही बाजूंनी, वाळलेल्या पाण्याच्या पांढुरक्या रेघा उतरल्या होत्या. "अमोनियाशिवाय दुसरं काय?"

"घ्या," शितोळे म्हणाले. "आता कांडी बोलते का डोळे बोलतात?"

ओगलेबाई खाली बसल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

कांडी सांगत होती, अमोनिया नव्हता. गेणबाने ती पेटवून फिरवली, पांढरा धूर निघाला नाही, म्हणून तो निर्धास्त खाली उतरला. खाली ती आपोआप विझली. पेटलेली असती तर पडल्यावर त्याचा हात भाजला असता. तिला विझवणारं काहीतरी खड्ड्यात साचलं होतं, आणि त्याला वास नव्हता. डोळे सांगत होते, अमोनिया होता.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "माणूस मेल्यावर त्याच्याजवळ अमोनिया नेला, तर डोळे असे होतील?"

"सुजतील कसे? आणि पाणी कुठून येणार? मेलेला माणूस रडत नाही."

"रेघा कानांकडे गेल्यात."

"उताणा पडला होता म्हणजे."

"म्हणजे पडल्यानंतर पाणी आलं."

डॉक्टरांनी चादर हातात तशीच धरून ठेवली. शितोळ्यांनी एकदा डॉक्टरांकडे, एकदा बाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"अमोनिया नंतर आला," ओगलेबाई म्हणाल्या. "कुणीतरी तो आणला. आणि आणला तेव्हा गेणबा जिवंत होता."

४

"हेच तर मी म्हणतोय!" बाहेर येऊन शितोळे म्हणाले. "पाना रफीकचा. गेणबा आधीच चक्कर येऊन पडला असेल. रफीकनं संधी साधली, व्हॉल्व्ह उघडला. उलट जास्तच वाईट झालं त्याचं."

ओगलेबाईंनी नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, "मला त्याच्याशी बोलू द्या."

रफीक चौकीच्या ओट्यावर बसला होता. हातात बेडी. अंगणात लिंबाखाली सुरैया बसली होती, आणलेला डबा न उघडता.

"रफीक, तू खाली उतरलास तेव्हा चक्कर आली?"

"गुडघ्यातनं ताकद गेली, बाई. पर मी दम धरलेला. आमोनीचा वास आला की दम धरूनच जायाचं, शिकवलंय आमाला. वर येऊन सोडला."

"दम धरला म्हणून वाचलास. वास आला नसता तर तूही खालीच राहिला असतास." त्या थांबल्या. "जुन्या यंत्रात अमोनिया किती होता?"

रफीकने बेडी मनगटावर वर सरकवली.

"गेणबा काय सांगणार होता?"

त्याने तोंड फिरवलं.

अंगणातून सुरैया उठली. ओट्याजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, ह्याला इचारू नका. हा लई मोठ्या मनाचा हाय. फासावर लटकंल पर तोंड उघडायचा न्हाई. घरात बोलतो, बाजारात बोलतो, शिनिमातली गानी म्हनतो, अन् हितं मुका झालाय!"

"सुरैया, गप."

"मी गप? मी का गप? पोरीला काय सांगू? तुजा बा लाजून मेला?"

रफीकच्या तोंडावर काहीतरी हललं. ओगलेबाई उठल्या आणि शितोळ्यांना म्हणाल्या, "जयसिंगला बोलवा. आणि तो पाना घेऊन या."

पुन्हा यंत्रघरात आल्यावर त्यांनी जयसिंगच्या हातात पाना दिला. "जुन्या यंत्राचा व्हॉल्व्ह पूर्ण उघड."

"बाई!" शितोळे दाराकडे सरकले.

जयसिंगने मात्र नाकाला काही लावलं नाही. दमही धरला नाही. तो सरळ पायऱ्या उतरला, पाना लावला आणि फिरवू लागला. ओगलेबाई त्याच्याकडे बघत होत्या. व्हॉल्व्ह शेवटपर्यंत फिरला. आतून साधा सुस्कारासुद्धा आला नाही.

"रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुला माहीत होतं."

जयसिंग पायरीवरच बसला. "आमी दोघांनी केलं," तो म्हणाला. "आमोनी पान्याच्या टाकीत हळूहळू जिरवायची आसती, मग आसिड वतून त्या पान्याचं इख मारायचं. आठवडा लागतो. साहेब रोज बोंबलायचे, उद्घाटन आलं, आटपा. आमी नळी सरळ वढ्यात सोडली. वढ्यातले मासे मेले. समदे. कातकऱ्यांची वाडी त्याच मासळीवर जगती, बाई. सकाळी त्यांच्या बाया टोपल्या घिऊन आल्या अन् काठावर नुस्त्या हुब्या ऱ्हायल्या. गेणबाकाकानं बघितलं. त्यो म्हनाला, वाडीत जाऊन कबूल करा, न्हाई तर मी सांगतो. त्याच्यावरनं भांडान. रफीकची आय त्या वाडीत सुईन म्हनून जाती. त्येला तोंड दाखवाया लाज वाटती. आन् मी… मला नोकरीची भीती."

"तो फासावर गेला असता," शितोळे ओरडले, "आणि तू बांबू रोवत बसला होतास?"

जयसिंगने डोकं गुडघ्यांत घातलं.

ओगलेबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. जुनं यंत्र रिकामं होतं. मग काल पौडाने हुंगलेला अमोनिया आला कुठून?

५

प्रयोगशाळेत चंद्राबाई काचेची भांडी धूत होती. पन्नाशीची बाई, हात साबणाने पांढरे पडलेले. ओगलेबाई आत आल्यावर तिने पदर सावरला आणि धुणं चालूच ठेवलं.

"चंद्राबाई, रसायनांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"साहेबांकडं. दुसरी कोंडाजी भांडारवाल्याकडं. त्यो परवापास्नं पुण्यात हाय, खुर्च्या आनाया."

ओगलेबाईंनी खांबेट्यांकडून किल्ली मागून आणली होती. कपाटात अमोनियाच्या द्रावणाची मोठी बाटली ठेवायची जागा रिकामी होती. खालच्या फळीवर धुळीत तिच्या बुडाचा गोल उमटला होता.

"ती बाटली?"

"ती व्हय. ती तितं वाळत घातलीया." चंद्राबाईने खिडकीतल्या लाकडी घोडीकडे हनुवटी केली. "मी न्हाई घातली. काल दुपारी मांडव बघून आले, तर घोडीवर लटकलेली. मी म्हनलं, चंद्रे, तुला पेन्शन मिळाली."

"मग कुणी धुतली?"

"आता हितं आमी दोघंच, मी अन् साहेब." ती हसली. "साहेबांनी पंधरा वर्सांत पेला इसळला न्हाई कवा. च्या पिऊन बशी जितं हाय तितंच. म्हनलं, पाहुनं येनार म्हनून अंगात आलं आसंल."

ओगलेबाईंनी बाटली उतरवली. ती स्वच्छ होती. तिच्या गळ्यावरची चिठ्ठी मात्र भिजून अर्धी सुटली होती. रोज बाटल्या धुणारी चंद्राबाई चिठ्ठी सांभाळून धुवायची. घोडीवरच्या बाकी सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या.

"चंद्राबाई, नवा गॅस आला तेव्हा साहेबांनी काही करून दाखवलं होतं का?"

"व्हय तर! जादूच केली की. एका बादलीत गॅस घेतला म्हनं, आमाला तर रिकामीच दिसली. खाली मेनबत्ती लावली अन् पानी वतावं तशी ती बादली वतली. मेनबत्ती गप. मग त्यांनी नाकानं वाईच वढला अन् बोलले, तर आवाज रेड्यावानी! लई हसलो. गेणबा तर पोट धरून हसला. साहेब म्हनले, बगा, ह्याला ना वास, ना इख. लेकरानं हुंगला तरी कायबी हुनार न्हाई."

ओगलेबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. बादलीतून ओतला. पाण्यासारखा. जो गॅस ओतता येतो तो खाली बसतो, हे ओतणाऱ्याला माहीत असतं.

बाहेर व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. गेणबाची बायको सारजाबाई. कालच्या भाकरीचं फडकं परत न्यायला आली होती; कुणीतरी ते तिच्या हातात दिलं होतं आणि ती तशीच बसून राहिली होती.

"काल भाकरी तुम्ही आणली?" ओगलेबाईंनी तिच्यासमोर बसत विचारलं.

"आनली. पर खाल्ली कुटं? पयला घास मोडला अन् साहेबांनी खिडकीतनं हाक मारली. नवं यंत्र फुसफुसतंय, बघून ये म्हनले. ह्यो उठला. म्हनलं खाऊन जा. म्हनाला, आलोच."

६

शितोळ्यांनी खांबेट्यांना यंत्रघरात बोलावलं तेव्हा ते चिडलेले होते. उद्घाटनाची फीत पुण्याहून आली नव्हती. ते कठड्यापाशी उभे राहिले.

"सही झाली का?"

"नाही," ओगलेबाई म्हणाल्या. "थोडं सांगायचं आहे. चुकलं तर सांगा."

त्या नेहमीच्या, वर्गातल्या आवाजात बोलत होत्या.

"नव्या यंत्राचा सांधा गळत होता. खाली तेलाचा डाग आहे, काटा शून्यावर आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो. खड्ड्यातून बाहेर जायला त्याला तळाशी भोक लागतं. तसं भोक होतं, ते बुजवलं गेलं. वरचा पंखा अमोनियासाठी होता, कारण अमोनिया हलका. काल खोलीभर अमोनिया सुटला असता, तर छतालगतची चिमणीची पिलं मेली असती. पिलं जिवंत आहेत. मेले ते बेडूक, तळाशी."

"हा तर्क झाला."

"गेणबाला तुम्ही खाली पाठवलंत. त्याने गंधकाची कांडी पेटवली. त्याला माहीत असलेला धोका एकच, आणि कांडीने सांगितलं, तो धोका नाही. नव्या गॅसला कांडी ओळखत नाही. शिवाय तुम्हीच म्हणाला होतात, लेकराने हुंगला तरी काही होत नाही. उघड्यावर, बादलीभर, खरंच होत नाही. खड्ड्यात साचला की श्वासाला हवा उरत नाही. तो वाकला आणि पडला."

"मग अपघात झाला. मी कुठे नाही म्हणतो?"

"सकाळी तसं नाही म्हणालात. सकाळी तुम्ही अमोनिया म्हणालात." ओगलेबाईंनी कागदात गुंडाळलेली बाटली कठड्यावर ठेवली. "कुणीतरी इथेच पडलेला रफीकचा पाना जुन्या यंत्राला लावून व्हॉल्व्ह उघडायचा प्रयत्न केला. काही निघालं नाही, कारण यंत्र रिकामं होतं. रफीक आणि जयसिंगला ते ठाऊक होतं. पाना तिथे लावून काही साधणार नाही, हे ज्याला ठाऊक नव्हतं त्यानेच तो लावला. मग त्याने कपाटातली बाटली आणली आणि पायऱ्यांवरून खड्ड्यात ओतली. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे. कोंडाजी पुण्यात होता. बाटली नंतर धुतली गेली, आणि ती चंद्राबाईने धुतलेली नाही."

"पाना लावायला खाली उतरावं लागतं," खांबेटे पटकन म्हणाले. "तुमच्याच म्हणण्याप्रमाणे खाली हवा नव्हती."

शितोळ्यांनी खड्ड्याकडे बघितलं. जुन्या यंत्राचा व्हॉल्व्ह उंच होता. तिसऱ्या पायरीवर उभं राहून हात लांब केला की पोचत होता.

"फरशीवर उतरायची गरज नव्हती," ओगलेबाई म्हणाल्या. "तुम्ही उतरला नाहीत. रफीक उतरला. खाली माणूस पडलेला दिसला की कुणीही उतरतो. ज्याला खाली काय आहे हे ठाऊक असतं, तोच पायरीवर थांबतो."

वर पिलं ओरडत होती. खांबेट्यांनी एकदा तिकडे पाहिलं.

"कंपनीचा इंजिनिअर सांगून गेला होता," ते शेवटी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तळाची मोरी उघडी ठेवा म्हणून. मी म्हटलं, उद्घाटनापुरती बुजवू, मग फोडू. गारवा टिकत नव्हता. पाहुणे आले आणि खोली थंड नसली तर… दहा वर्षं झगडलो मी ह्या यंत्रासाठी. मोरी बुजवली हे बाहेर आलं असतं तर सगळंच गेलं असतं. रफीकचं नाव मी घेतलं नाही. ते फौजदारांनी घेतलं."

"पाना तुम्ही लावलात," शितोळे म्हणाले.

"तो गेला होता हो. मेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार होता?"

"त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं," ओगलेबाई म्हणाल्या. "तुम्ही बाटली ओतल्यावर."

खांबेट्यांना ते कळायला वेळ लागला. ते रसायनशास्त्राचे नव्हते, वनस्पतिशास्त्राचे होते. पण एवढं त्यांना कळत होतं. त्यांचा हात कठड्यावरून घसरला. शितोळ्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

७

संध्याकाळी पुण्याला जी जीप गेली तिच्यात खांबेटे होते. मांडव कुणी उतरवायला सांगितलं नाही, तो तसाच उभा राहिला.

रफीकची बेडी काढली तेव्हा सुरैयाने त्याच्या हातात डबा दिला. त्याने तो तिलाच परत दिला. "आदी वाडीत जाऊन येतो," तो म्हणाला.

"उपाशी?"

"त्ये बी उपाशीच हायेत."

ती चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाली. जयसिंग थोडा वेळ चौकीपाशी घुटमळला आणि मग त्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून, ओढ्याच्या वाटेने गेला.

ओगलेबाईंना ढमाल्यांच्या घरी जायचं नव्हतं. पण आपल्याला तिथे जावं लागणार, हे दवाखान्यातल्या त्या चादरीपाशीच त्यांना समजलं होतं.

सारजाबाई ओसरीवर बसली होती. शेजारणी उठून आत गेल्या. ओगलेबाईंनी सगळं सांगितलं, सोपं करून: कोणता गॅस, मोरी का बुजवली, बाटली कशाला आणली. सगळं ऐकून झाल्यावर सारजाबाई म्हणाली, "फौजदार म्हनत व्हता, डोळ्यातनं पानी आलं व्हतं."

"हो."

"म्हंजी जिता व्हता."

"हो."

"त्या वक्ताला हाका मारल्या आसत्या, मांडवातली चार मानसं आली आसती, दोर लावून वर वडला आसता, तर?"

डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं. ओगलेबाईंना खात्री नसलेलं विधान करायची सवय नव्हती. आपण 'सांगता येत नाही' म्हणू शकतो, हे त्यांच्या मनात आलं. पण गॅस लागून पडलेली, श्वास चालू असलेली माणसं उघड्यावर आणल्यावर शुद्धीवर येताना त्यांनी पाहिली होती.

"बहुतेक वाचले असते," त्या म्हणाल्या.

सारजाबाईने मान हलवली. ती अंगणाकडे बघत होती. तिथे गेणबाची म्हैस बांधलेली होती आणि तिला अजून कुणी पाणी दाखवलं नव्हतं.

"साहेबाला ठावं व्हतं, ह्यो जिता हाय?"

"ते म्हणतात, नव्हतं. त्यांना वाटलं, गेले."

"बघितलं न्हाई?"

"नाही. पायरीवरून बघितलं तेवढंच."

सारजाबाई उठली. बादली उचलून ती म्हशीकडे निघाली, आणि ओसरीच्या कडेला थांबून, मागे न वळता म्हणाली, "दावणीला जनावर पडलं तरी मानूस जवळ जाऊन नाकाफुडं हात धरतो, बाई."